‘लखपती’ करणाऱ्या नोटांचे मथळे आणि संग्राहकांची लूट

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी आषाढात माझे एक जुने स्नेही वारले. पोस्टातल्या नोकरीपासूनची आमची ओळख, आणि ती घट्ट झाली ती नाणी व तिकिटे जमवण्याच्या समान छंदामुळे. त्यांच्या मागे घरात एक लोखंडी कपाट भरून अल्बम, पाकिटे आणि काडेपेट्यांमध्ये जपून ठेवलेली नाणी राहिली. दिवसकार्य होऊन तीन महिने झाल्यावर वहिनींच्या मोबाइलवर एक बातमी आली, की ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट घरात असेल तर घरबसल्या लाखो रुपये मिळतील. कपाटातल्या एका पाकिटात तशा अकरा नोटा होत्या. वहिनींनी एका जाहिरातीखाली त्यांचा फोटो टाकला आणि तासाभरात फोन आला. पलीकडचा माणूस अत्यंत आदबीने बोलला, साहेब गेल्याचे ऐकून हळहळला आणि एका नोटेचे साडेतीन लाख द्यायला तयार झाला. फक्त आधी ९९९ रुपये नोंदणी शुल्क भरायचे होते. मग ४,८५० रुपये जीएसटी, मग १२,५०० रुपये विमा, आणि शेवटी ‘रिझर्व्ह बँकेच्या ना हरकत प्रमाणपत्रासाठी’ २८,००० रुपये. राजमुद्रा, गोल शिक्का आणि इंग्रजीतली सही असलेले पत्रही व्हॉट्सअॅपवर आले. ४६,३४९ रुपये गेल्यानंतर, आणखी अठरा हजारांची मागणी आल्यावर, त्यांनी मला फोन करून विचारले, “भावोजी, हे शेवटचे भरले की पैसे येतील ना?”

त्या प्रश्नापासून मी अस्वस्थ आहे, म्हणून हे पत्र. आपण ते छापावे अशी विनंती आहे. त्यातला काही भाग आपल्या व्यवसायाबद्दलही आहे आणि तो आपण मोठ्या मनाने समजून घ्याल असा विश्वास वाटतो.

ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट आजही कायदेशीर चलन आहे, म्हणजे तिची दर्शनी किंमत पाच रुपये आहे. हाताळलेल्या, घडी पडलेल्या नोटेला संग्राहक त्याहून फारसे काही देत नाही. कोरी करकरीत, एखाद्या विशिष्ट गव्हर्नरांच्या सहीची किंवा छपाईतला दोष असलेली असेल तर थोडे अधिक मिळते, पण लाख सोडाच, हजाराचीही गोष्ट सहसा निघत नाही. २०१२ साली निघालेल्या वैष्णोदेवीच्या नाण्याचे आणि ७८६ या आकड्याने संपणाऱ्या नोटांचेही तेच. त्यांना हौशी गिऱ्हाईक आहे, पण ते बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूला जेवढे देतात तेवढेच देते. ‘ईस्ट इंडिया कंपनीचे १८१८ चे रामदरबार नाणे’ म्हणून जे दाखवले जाते, ते तर नाणेच नाही. कंपनीने असे नाणे कधी पाडले नाही. देवळाबाहेर मिळणाऱ्या टोकनांच्या जातीची ती वस्तू आहे, आणि तिच्यात चमत्कारी तांबे आहे, ती तांदूळ ओढते, वगैरे सांगून खेड्यापाड्यांतल्या कुटुंबांना जमिनी विकायला लावल्याची उदाहरणे पोलिसांच्या दप्तरी आहेत.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी याविषयी स्वतंत्र प्रसिद्धिपत्रक काढले होते. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा कोणताही संबंध नाही, अशा व्यवहारासाठी बँक कोणतेही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि आपल्या वतीने ते गोळा करण्याचा अधिकार तिने कोणत्याही संस्थेला वा व्यक्तीला दिलेला नाही, असे त्यात स्वच्छ शब्दांत म्हटले आहे. ते पत्रक वहिनींपर्यंत पोहोचले नाही. ‘ही नोट असेल तर व्हा लखपती’ हा मथळा मात्र पोहोचला, आणि तो कोणा भामट्याने लिहिलेला नव्हता. तो एका बातम्यांच्या संकेतस्थळावर होता. माझा संताप इथे आहे. भामटा आपल्या कामाला लागतो तेव्हा निम्मे काम आधीच झालेले असते, कारण ‘बातमीत वाचले’ या दोन शब्दांनी माणसाच्या मनातली शंका मिटलेली असते. माझी मराठी वृत्तपत्रांना आणि त्यांच्या संकेतस्थळांना हात जोडून विनंती आहे की हे मथळे थांबवावेत. एखाद्या दुर्मिळ नाण्याला नामांकित लिलावात मोठी बोली लागली तर ती बातमी जरूर द्यावी, पण ते नाणे दुर्मिळ का आहे आणि त्याच्यासारखे दिसणारे घरातले नाणे दुर्मिळ का नाही, हे दोन ओळींत तरी सांगावे.

वहिनी संग्राहक नव्हत्या, म्हणून फसल्या, असे कोणी म्हणेल. तसे नाही. मी स्वतः पस्तीस वर्षे शिवराया, म्हणजे शिवकाळापासूनची तांब्याची नाणी, जमवतो आहे. साताऱ्यात राहणाऱ्याला हा छंद जडणे स्वाभाविकच. आमच्या तरुणपणी मोडीत आलेल्या तांब्याच्या ढिगातून शिवराया निवडून वजनाच्या भावाने घेता येत असत. दोन वर्षांपूर्वी एका खासगी ग्रुपवर एक शिवराई विक्रीला आली. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’, भोवती बिंदूंचे वर्तुळ पूर्ण उमटलेले, आणि अंगावर जुन्या तांब्याला येते तशी हिरवट झाक. विकणाऱ्याने सांगितले की दुपारपर्यंत पैसे आले नाहीत तर दुसरा घेणारा तयार आहे. मी घाईने ६,५०० रुपये पाठवले.

पाकीट आले ते उघडताच हातालाच काहीतरी खटकले. वजन भरले ८.४ ग्रॅम, शिवकालीन पूर्ण शिवराई साधारणपणे अकरा ते तेरा ग्रॅमच्या घरात असते. झिजेने वजन उतरते हे खरे, पण इतके झिजलेल्या नाण्याची अक्षरे अशी टोकदार कशी राहतील? भिंगाखाली कड पाहिली तर चहूबाजूंनी एक बारीक रेघ फिरलेली, दोन साचे जुळवल्याची खूण. अक्षरांच्या मुळाशी सुईच्या टोकाएवढी छिद्रे होती. ओतलेल्या धातूत हवेचे बुडबुडे राहतात त्याची ती निशाणी, ठोकून पाडलेल्या नाण्यात ती दिसत नाही. शेवटी वाटीत गरम पाणी घेऊन नाणे त्यात ठेवले. दहा मिनिटांत पाणी हिरवे झाले. शतकानुशतके जमलेला हिरवा थर पाण्यात उतरत नसतो; तो रंग होता. विकणाऱ्याचा नंबर त्या संध्याकाळपासून बंद आहे. नंतर शोधल्यावर कळले की त्याने टाकलेला फोटो एका लिलावाच्या जुन्या कॅटलॉगमधून उचललेला होता.

मी तक्रार केली नाही. पस्तीस वर्षांच्या संग्राहकाला ओतीव शिवराई विकली गेली, हे चारचौघांत सांगायची लाज वाटली. चार महिन्यांनी कोल्हापूरच्या एका तरुण संग्राहकाने त्याच फोटोवर पैसे पाठवल्याचे मला समजले. मी वेळीच बोललो असतो तर त्याचे पैसे वाचले असते, ही खंत मला आजही आहे, आणि हा धंदा फोफावण्याचे दुसरे मोठे कारण आम्हा संग्राहकांचे हे मौन आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

पूर्वी फसवणूक नव्हती असे नाही, पण व्यवहाराला ओळखीचा आधार असे. तिकीट संग्राहकांच्या मंडळांत पुस्तिका फिरत. विकणारा आपली तिकिटे किमतीसह तिच्यात चिकटवी, पुस्तिका टपालाने एका सभासदाकडून दुसऱ्याकडे जाई, ज्याला जे हवे ते तो काढून घेई आणि पैसे मंडळाकडे जमा करी. वस्तू हातात घेऊन पाहिल्यावरच पैसे द्यायचे आणि मधे दोघांनाही ओळखणारा कोणीतरी असायचा. आजच्या ग्रुपवर यातले काहीच नाही. पाच-दहा हजार सभासद, खरी नावे कोणाचीच नाहीत, पैसे आधी, वस्तू नंतर, आणि तक्रार केली तर अॅडमिन म्हणतो की व्यवहार ज्याच्या-त्याच्या जबाबदारीवर आहे. अॅडमिनने हा पवित्रा सोडायला हवा. विक्रेत्याची ओळख पटवूनच त्याला विकू देणे, झालेल्या तक्रारी ग्रुपवर सर्वांना दिसतील अशा ठेवणे आणि ठरावीक रकमेपुढचा व्यवहार दोघांना ओळखणाऱ्या जुन्या सभासदामार्फत करणे, एवढे तर कोणत्याही ग्रुपला जमण्यासारखे आहे. जे ग्रुप हे करतात तिथे मी आजही निःशंक खरेदी करतो.

खरेदी करणाऱ्याने मात्र अॅडमिनच्या भरवशावर राहू नये. मी आता कोणत्याही नव्या विक्रेत्याला सांगतो की आजच्या वृत्तपत्रावर, तारखेशेजारी, नाणे ठेवून फोटो पाठवा. कॅटलॉगमधून चोरलेल्या फोटोला ही अट पुरी करता येत नाही, आणि खऱ्या विक्रेत्याला तिचा राग येत नाही, हा माझा अनुभव आहे. त्याबरोबर वजनकाट्यावर ठेवलेल्या नाण्याचा आणि कडेचा फोटो मागतो, कारण दोन्ही बाजू सजवणारा माणूस कडेकडे दुर्लक्ष करतो. चांदीच्या रुपयांसाठी तर घरीच करता येण्यासारखी एक सोपी चाचणी आहे. व्हिक्टोरिया राणीचा किंवा पाचव्या जॉर्जचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा असतो. बारीक वजनाचा काटा काहीशे रुपयांत मिळतो. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि नाणे दोऱ्याने बांधून, तळाला लागणार नाही असे पाण्यात पूर्ण बुडवून धरावे. काटा सुमारे १.१३ ग्रॅम दाखवेल. पितळेवर मुलामा दिलेले नाणे त्याच वजनाचे असले तरी काटा १.३५ च्या पुढे जातो, कारण पितळ चांदीहून हलके असल्याने तेवढ्या वजनाला जागा जास्त घेते. अर्थात सन बदललेले खरे नाणे या चाचणीतून सुटते. १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया अतिशय दुर्मिळ म्हणून प्रसिद्ध आहे, आणि म्हणूनच इतर सालचा आकडा खरवडून किंवा जोडून बनवलेले ‘१९३९’ बाजारात फिरतात. तिथे शेवटच्या आकड्याभोवतीची जागा भिंगाखाली पाहावी आणि तरीही जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

शिवराई होनाबद्दल, म्हणजे शिवरायांच्या सोन्याच्या नाण्याबद्दल, एवढेच सांगतो की अस्सल होन अत्यंत दुर्मिळ आहे, त्याच्या प्रतिकृती भेटवस्तू म्हणून सर्रास मिळतात, आणि ‘गावाकडे शेत नांगरताना हंडा सापडला, त्यातला एक देतो’ असे कोणी सांगू लागला तर ते बोलणे तिथेच थांबवावे. ही युक्ती मोबाइलच्याही आधीची आहे: नमुन्याचे पहिले नाणे खरे देतात, सराफाकडे तपासून घ्या म्हणतात, आणि विश्वास बसला की पुढचा सगळा हंडा पितळेचा निघतो. ती गोष्ट खरी असली तरी घेणारा अडचणीतच येतो, कारण १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

तिकिटांतही हेच चालते. गांधीजींच्या १५ ऑगस्ट १९४८ च्या चार तिकिटांपैकी दहा रुपयांचे तिकीट प्रत्येक संग्राहकाला हवे असते, म्हणून त्याच्या नकला सर्वाधिक. मूळ तिकिटे स्वित्झर्लंडमध्ये फोटोग्राव्ह्युअर पद्धतीने छापली होती. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून त्यांची छपाई एकसारख्या बारीक कणांची दिसते, तर आजच्या ऑफसेट नकलेत रंगांच्या ठिपक्यांची वर्तुळे दिसतात. सरकारी वापरासाठी ‘सर्व्हिस’ असा शिक्का छापलेला दहा रुपयांचा नमुना कोणी ग्रुपवर देऊ केला तर तो विषयच सोडून द्यावा. तसे जेमतेम शंभर संच तयार झाले होते आणि ते असे विकायला येत नसतात.

विकणाऱ्यांचीही लूट होते, आणि तिचा मार्ग वेगळा आहे. ‘मी लष्करात आहे, पैसे पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करा’ हा निरोप आता सर्वांना ठाऊक व्हायला हवा, तरी दर महिन्याला कोणीतरी त्याला बळी पडतोच. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट हाही पुरावा नव्हे. आपल्या बँकेच्या खात्यात रक्कम दिसल्याशिवाय पाकीट पाठवू नये. परदेशातला श्रीमंत ग्राहक आणि त्याचे ‘कस्टम शुल्क’ हा प्रकारही पुष्कळ चालतो. इथे एक कायदेशीर बाब संग्राहकांनीही लक्षात ठेवावी. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेषांत मोडतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर विकता येत नाहीत. म्हणजे लंडनचा तो ग्राहक खोटा असेल तर आपले पैसे जातात, आणि खरा असेल तर आपल्यावर गुन्हा दाखल होतो. रद्द झालेल्या पाचशे-हजारांच्या नोटा गड्ड्यांनी विकत घेणाऱ्यांपासूनही असेच दूर राहावे. २०१७ च्या कायद्याने त्या दहापेक्षा जास्त, आणि अभ्यास वा नाणकशास्त्रासाठी पंचवीसपेक्षा जास्त, बाळगणे हाच गुन्हा ठरवला आहे.

फसवणूक झालीच तर पहिला फोन सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर करावा. वहिनींच्या बाबतीत आम्ही त्याच रात्री तो केला. व्यवहाराचे क्रमांक, तारखा आणि समोरच्याचा यूपीआय पत्ता हाताशी होता. आधीच्या तीन रकमा कुठल्या कुठे गेल्या होत्या, पण त्याच दुपारी भरलेल्या २८,००० पैकी ११,२०० रुपये पुढच्या एका खात्यात अडवले गेले, आणि काही महिन्यांनी न्यायालयाच्या आदेशाने ते परत मिळाले. एक रात्र लाजेत घालवली असती तर तेही गेले असते. नंतर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. तिथल्या हवालदारांनी ती आस्थेने लिहून घेतली, हे मुद्दाम नमूद करतो, कारण ‘छंदाच्या चार नाण्यांसाठी पोलीस कशाला लक्ष देतील’ या समजुतीने अनेकजण घरीच बसतात.

माझ्या वयाच्या संग्राहकांना आणखी एक कळकळीची विनंती आहे. आपण प्रत्येक नाण्याचा सन, टांकसाळ, वजन पाठ सांगतो, पण घरच्यांना त्यातले काही माहीत नसते. आपल्यामागे कपाट उघडणाऱ्या माणसाला त्यात लाखाचे काय आणि पाच रुपयांचे काय हे कळण्याचा कोणताही मार्ग आपण ठेवत नाही, आणि मग त्याला एखादा अनोळखी, आदबशीर आवाज तो मार्ग दाखवतो. साधी दोनशेपानी वही घ्यावी. अल्बमचा क्रमांक, वस्तू, कधी व कितीला घेतली, आज साधारण काय मिळेल आणि विकायची झाली तर कोणत्या दोघांना आधी विचारावे, एवढे मराठीत, घरच्यांना वाचता येईल अशा अक्षरात लिहावे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे. कुटुंबाला एकदा तिथे घेऊन जावे. खरे नाणे काचेआड का होईना पाहिलेल्या माणसाला फोटोवर फसवणे थोडे अवघड जाते.

वहिनींच्या कपाटातल्या संग्रहाची वही मी आणि आणखी दोघे मिळून सध्या करतो आहोत. दर रविवारी सकाळी दोन तास बसतो. वहिनी स्वतः काट्यावर वजन वाचून सांगतात आणि मी लिहून घेतो. सतरापैकी सहा अल्बम झाले. ट्रॅक्टरच्या त्या अकरा नोटांची नोंद पहिल्याच पानावर आहे, प्रत्येकी पाच रुपये, आणि ती ओळ वहिनींनी स्वतःच्या हाताने लिहिली आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टपाल कर्मचारी व नाणे संग्राहक, सातारा